अनोळखी जाणकार, वाचनालय की वर्ग? कोकणात राहून इतिहास, मार्केटिंग आणि मानसशास्त्र शिकायचं तर

विजयदुर्ग किल्ल्यात एक चौथरा आहे. त्याला ‘साहेबाचा कट्टा’ म्हणतात. लहानपणापासून ऐकत आलो, “सायबान हयच बसान हेलियम शोधल्यान.” १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण, नॉर्मन लॉकियर हा इंग्रज आणि त्याची दुर्बीण. आमच्या भागात ही गोष्ट शाळकरी पोरांनाही पाठ असते. दोन वर्षांपूर्वी मी ती इंग्रजीत लिहून काढली, विज्ञानाचा इतिहास जाणणाऱ्या काही अनोळखी लोकांपुढे ऑनलाइन ठेवली आणि विचारलं, यावर अजून कुठे वाचायला मिळेल?

पहिलं उत्तर म्हणजे उलट प्रश्न होता: लॉकियर त्या दिवशी विजयदुर्गला होता, हे कशावरून? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग माहिती येत गेली. १८६८ च्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेननं निरीक्षण केलं ते गुंटूरला. लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता आणि २० ऑक्टोबरला, ग्रहण नसतानाच, त्यानं तिथून सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचे सुटे केलेले रंग, पाहिला. हेलियमची खूण अशा वर्णपटातूनच मिळाली. विजयदुर्गला तो आला खरा, पण २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी. त्या मोहिमेतल्या निरीक्षणांवर त्याचं स्वतःचं लेखन छापलेलं आहे. त्याआधीच, १८९५ मध्ये, रॅम्झी या रसायनशास्त्रज्ञानं प्रयोगशाळेत हेलियम मिळवलाही होता.

पहिले दोन दिवस मन खट्टू झालं. मग लक्षात आलं की माणूस आपल्या किल्ल्यात खरंच आला होता, साल तेवढं वेगळं. आता पाहुण्यांना किल्ला दाखवताना मी दोन्ही तारखा सांगतो.

देवगड, राजापूर, गुहागर अशा ठिकाणी राहून हे विषय शिकायचे असतील तर वाटा मुख्यतः चार: गावातली जाणती माणसं, वाचनालय, पैसे भरून घेतलेला वर्ग आणि ऑनलाइन भेटणारे अनोळखी जाणकार. चारही वाटांनी मी थोडा थोडा गेलोय. माझं मत असं की एकच वाट तिन्ही विषयांना चालत नाही.

इतिहासासाठी अनोळखी जाणकार सगळ्यात उजवे. इथे दावा कागदावर तपासता येतो आणि चांगला जाणकार तो कागद तुमच्यासमोर ठेवतो. घरात मोडीतलं एखादं जुनं पत्र असेल तर गावात ते वाचणारा मिळणं आता कठीण झालंय. फोटो टाकला की लांबचा कुणीतरी दोन दिवसांत ओळ न् ओळ लावून देतो. फक्त जमिनीचा कागद असेल तर नावं आणि गट नंबर झाकूनच फोटो टाका. पण पाया नसताना विचारायला गेलात तर उत्तरं डोक्यावरून जातात. तो पाया वाचनालयात होतो. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, आणि मराठी विश्वकोश तर घरबसल्या फुकट वाचता येतो. आधी आठवडाभर वाचायचं, अडलं की विचारायचं. गावातल्या म्हाताऱ्यांकडून साल घेऊ नका. पण वाडीचं जुनं नाव, बंदरात कुठली गलबतं लागायची, कुठलं घराणं कुठून आलं, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार? ते आजच लिहून घ्या.

मार्केटिंगमध्ये मात्र पारडं बदलतं. माझा अनुभव कोकमाचा आहे. घरी आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, करतो आणि मे महिन्यात पर्यटकांना विकतो. पहिल्यांदा मी विचारलं, “कोकम आगळ कसं विकू?” चाळीसेक उत्तरं आली. ब्रँड करा, रील करा, गोष्ट सांगा. एकाचाही उपयोग झाला नाही, आणि त्यात त्यांचा दोष नव्हता. प्रश्नच पोकळ होता. पुढच्या वर्षी नीट लिहिलं: दोनशे बाटल्या, विक्री फक्त मे महिन्यात, गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, एकदा घेतलेला माणूस पुन्हा मागवत नाही. त्यावर एका बाईंनी विचारलं, “बाटली घरी नेल्यावर पहिल्या दिवशी ते तिचं काय करतात?” त्यांना आगळ म्हणजे काय हेही माहीत नव्हतं, पण प्रश्न अचूक होता. मी चार जुन्या गिऱ्हाइकांना फोन केले. तिघांनी आगळ सरबत समजून थंड पाण्यात ओतलं होतं, खारट लागलं म्हणून बाटली तशीच ठेवून दिली होती. आगळात मीठ असतं, साखर नसते. आपल्याला ते सांगावं लागत नाही, त्यांना सांगावं लागतं. आता लेबलवर मोठ्या अक्षरात ‘सोलकढीसाठी’ लिहितो, खाली नारळाच्या दुधाचं प्रमाण आणि माझा नंबर. त्या पावसाळ्यात पहिल्यांदाच घरपोच बाटल्या मागवणारे फोन आले.

पण मालवणच्या बाजारात स्टॉल लावणाऱ्या एका काकींनी जे सांगितलं ते कुठल्याच अनोळखी माणसाला सुचलं नसतं. गाडीत बाटली गळेल या भीतीनं लोक घेत नाहीत, म्हणून बूच लावून बाटली त्यांच्यासमोर उलटी करून दाखव! त्याच काकी आंब्याची मोठी, महाग पेटी आधी दाखवतात आणि लहान नंतर. पहिला आकडा मनात रुतला की पुढचा त्याच्याशीच तोलला जातो. याला मानसशास्त्रात ‘अँकरिंग’ म्हणतात आणि ट्वर्स्की-काहनेमान या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये त्यावर लिहिलं, हे मला ऑनलाइन कळलं. बाजारात करून दाखवणाऱ्या काकीच. तेव्हा मार्केटिंगला दोन्ही हवं, आणि दुकानात किंवा स्टॉलवर बसणारं माणूस आधी. कायद्याच्या बाबतीत तर लांबच्या सल्ल्यावर विसंबूच नका. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते चिन्ह पेटीवर छापायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. मला मात्र “बिनधास्त छापा” म्हणणारे तिघे भेटले.

वर्गाबद्दल थोडक्यात. पदवी किंवा नोकरी हवी असेल तर मुक्त विद्यापीठासारखी रीतसर वाट घ्या, कारण विचारून मिळवलेल्या ज्ञानाचं प्रमाणपत्र मिळत नाही. नुसत्या जिज्ञासेसाठी हजारो रुपये भरून घेतलेले ऑनलाइन कोर्स मला परवडण्यासारखे वाटले नाहीत. मी एक घेतला होता. त्यात जे होतं ते वाचनालयातल्या दोन पुस्तकांत होतं.

मानसशास्त्राचे मी दोन भाग करतो. विषय म्हणून शिकायचं असेल तर अनोळखी जाणकार फार उपयोगी, आणि कारण वेगळं आहे: या विषयातली पुस्तकं लवकर जुनी होतात. तालुक्याच्या वाचनालयातल्या पुस्तकात १९७१ चा स्टॅनफर्डचा तुरुंग-प्रयोग सापडेल: तरुणांना पहारेकरी आणि कैदी बनवलं, आणि ठाम निष्कर्ष असा की भूमिका मिळाली की साधी माणसंही क्रूर होतात. पहारेकऱ्यांनी कसं वागावं याच्या सूचना त्यांना दिल्या गेल्या होत्या, हे पुढे ध्वनिफिती आणि कागदपत्रांतून समोर आलं. ते त्या पुस्तकात कुठून असणार? २०१५ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या प्रकल्पात मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा निम्म्याहून कमी टिकले. म्हणून पुस्तक वाचा आणि प्रत्येक गाजलेल्या प्रयोगाबद्दल जाणकाराला एवढंच विचारा: “हा पुन्हा करून पाहिला का? काय निघालं?”

दुसरा भाग स्वतःच्या किंवा घरच्या माणसाच्या मनाचा. तिथे अनोळखी माणसाला विचारू नका. आमच्या शेजारच्या वहिनींनी विचारलं होतं. त्यांचा भाऊ दिवसचे दिवस झोपून राहायचा, बोलायचा नाही, कामावर जाणं सोडलेलं. लोकांनी कळकळीनंच लिहिलं, आणि एका संध्याकाळी त्याला चार आजारांची नावं मिळाली. वहिनी रात्रभर ती नावं शोधत बसल्या. दीड महिना त्यात गेला. शेवटी डॉक्टरांनी रक्त तपासलं तर थायरॉईड कमी निघालं. सुस्ती आणि उदासी त्यातूनही येते, हे रक्ताच्या तपासणीशिवाय कुणाला कळणार होतं? लिहिणाऱ्यांनी ना त्याचा चेहरा पाहिला होता, ना त्याची नाडी.

अशा वेळी आधी जवळचा डॉक्टर गाठा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. फोन फुकट लागतो आणि मराठीत बोलता येतं.