कोपऱ्यावर एक उतार की दोन? सिग्नलचा खांब धरून ठरवा

चौकात फूटपाथ रस्त्याला कसा भिडवायचा हे बहुतेक वेळा खर्च बघून ठरतं, आणि सिग्नलचा खांब मग उरलेल्या जागेत उभा राहतो. माझं म्हणणं, दोन्ही एकाच बैठकीत ठरवा. उतार हलला की खांबही हलतो.

एकच तिरका उतार. कोपऱ्याच्या टोकाला एक रॅम्प, दोन्ही क्रॉसिंगना मिळून. काम निम्मं आणि नकाशावर देखणं. पण त्याचं तोंड चौकाच्या मध्याकडे असतं. व्हीलचेअर उतरते ती वळणाऱ्या गाड्यांच्या वाटेत, तिथे वळून मग झेब्र्याकडे जायचं. हा माणूस कुठला रस्ता ओलांडणार, हे ड्रायव्हरलाही कळत नाही. आणि उताराच्या रोखाने सरळ निघालेली अंध व्यक्ती थेट चौकाच्या मध्यात पोचू शकते.

दोन स्वतंत्र उतार. प्रत्येकाचं तोंड आपापल्या क्रॉसिंगकडे. माझी पसंती यालाच. अमेरिकेच्या ॲक्सेस बोर्डाच्या (अपंगांना सोयीच्या बांधकामाचे नियम ठरवणारी सरकारी संस्था) २०२३च्या मार्गदर्शक नियमांतही एका उतारावर भागवण्याची सवलत फक्त जुन्या रस्त्यांच्या बदलकामात आहे, तीही जागेची खरी अडचण असेल तरच.

अडचण जागेचीच येते. चढ १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे कर्ब, फूटपाथची रस्त्याकडची कड, १५ सेंमी उंच असेल तर उतार १.८ मीटर, आणि वर वळायला सपाट जागा १.२ मीटर. झाले ३ मीटर. फूटपाथ तेवढा रुंद नसेल तर ही सपाट जागाच आधी कापली जाते, आणि मग चाकं तिरप्या पृष्ठभागावर वळवावी लागतात.

अशा ठिकाणी समांतर उतार बघा: फूटपाथच दोन्ही बाजूंनी खाली येतो आणि सपाट जागा रस्त्याच्या पातळीवर मिळते. फक्त सरळ पुढे जाणाऱ्यांनाही उतरून चढावं लागतं, आणि त्या खळग्यात गाळ साचतो.

उंचावलेलं क्रॉसिंग म्हणजे रस्ताच फूटपाथच्या उंचीला आणणं. गाड्या हळू होतात, उतार लागतच नाही. पण पांढऱ्या काठीला कर्बची कड सापडत नाही. म्हणून गोल उंचवट्यांच्या टॅक्टाइल टाइल्सचा सुमारे ६० सेंमीचा पट्टा पूर्ण रुंदीत हवाच. अशा टाइल्स १९६७ साली जपानच्या ओकायामात पहिल्यांदा बसल्या, त्या पायाखाली कळाव्यात म्हणून. आपण त्यांना शोभेची फरशी समजतो, ते वेगळं.

आता खांब. तिरक्या उतारासोबत बहुधा एकच खांब येतो आणि पादचाऱ्यांनी हिरवा सिग्नल मागायची दोन्ही बटणं त्यावरच. न दिसणाऱ्यांसाठी सिग्नलचा आवाज आला तरी कुठला रस्ता मोकळा झाला ते कळत नाही. रस्त्याचं नाव बोलून सांगणारा संदेश जोडावा लागतो. दोन उतारांमुळे खांब किमान ३ मीटर अंतरावर ठेवता येतात, मग जवळच्या खांबाची जलद टिकटिक पुरते. दिशेनुसार पक्ष्यांचे वेगवेगळे आवाज देण्याची जुनी पद्धत मी टाळेन: कुठला आवाज कुठल्या दिशेचा हे लक्षात ठेवावं लागतं, आणि झाडावर खरे पक्षीही असतात. बटणावर थरथरणारा बाण असू द्या. ज्यांना ना दिसतं ना ऐकू येतं, त्यांना तेवढाच आधार. बटण हाताशी यावं, त्यासाठी उतारावर थांबावं लागू नये.

बटण की आपोआप हिरवा? वर्दळ सतत असेल तर आपोआप, मात्र आवाज आणि थरथर तेव्हाही हवीच. वेळेचा हिशेब चालण्याचा वेग १.१ मीटर प्रतिसेकंद धरून होतो: १४ मीटरला सुमारे १३ सेकंद. कोणी ०.८च्या वेगाने चालत असेल तर १७.५ लागतात. म्हणून बटण जास्त वेळ दाबलं की वाढीव वेळ देणारी सोय मागून घ्या.

आणि बिल मंजूर करण्याआधी उतारावर बादलीभर पाणी ओता. पायथ्याशी डबकं झालं, तर तो उतार पुन्हा करून घ्या.