वॉटरमार्क होता, तरी फोटो गेले

‘कॅटलॉगसाठी ४० सॅम्पल पाठवा, निवडून ऑर्डर देतो.’ फसवणूक इथून सुरू होते. फोटोग्राफर घाईत सगळ्या फोटोंवर वॉटरमार्क म्हणून एकच लोगो, एकाच कोपऱ्यात, एका झटक्यात टाकतो. समोरचा गप्प होतो आणि पुढे तेच फोटो लोगोशिवाय विक्रीच्या पानावर झळकतात.

चोर एकेक फोटो पुसत बसत नाही. ४० फोटोंत साडी, चेहरा, पार्श्वभूमी बदलते. लोगो तोच राहतो. सगळ्यांच्या कडांचा मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी किंमत) काढला की बदलणारं विरतं, लोगोची आकृती उरते आणि ती प्रत्येक फोटोतून वजा होते. गूगलच्या संशोधकांनी २०१७ साली स्टॉक फोटोंवर हे करून दाखवलं. लोगोची जागा बदलूनही तो निघाला. दर फोटोत लोगोला किंचित वेगळा वाक दिला, तेव्हा मात्र पुसलेल्या जागी त्याच्या कडा दिसत राहिल्या. तेव्हा सॅम्पल चार-पाचच द्या, आणि लोगो कोपऱ्यात नको, चेहऱ्यावरून किंवा जरीकाठावरून जाऊ द्या. एआयने तोही पुसता येतो, पण खालची नक्षी मनाने भरावी लागते आणि मूळ फोटोशेजारी ठेवली की ती उघडी पडते.

‘अदृश्य वॉटरमार्क’ म्हणून विकली जाणारी सॉफ्टवेअर तर जास्तच घातक, कारण माणूस निर्धास्त होतो. काही फक्त पिक्सेलच्या शेवटच्या बिटमध्ये खूण लिहितात, म्हणजे ० ते २५५ मधला आकडा एकने बदलतो. जेपेग ८×८ च्या ठोकळ्यांत बारीक फरक गाळतं, त्यात ती खूण पहिल्यांदा जाते. पैसे भरण्याआधी फोटो जेपेगमध्ये दर्जा ७० ठेवून सेव्ह करा, आकाराने अर्धा करा, कडा छाटा, व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरवा आणि मग खूण वाचून पाहा. त्यानंतर भलत्याच कुणाचा फोटो त्यात टाका. त्यातही तुमचाच लोगो ‘सापडला’, तर ते सॉफ्टवेअर लोगोचा मोठा भाग फोटोतून नव्हे, किल्लीतूनच (खूण वाचण्यासाठी आधीच जपून ठेवलेल्या माहितीतूनच) काढतंय. एसव्हीडी या गणिती विभाजनावर बेतलेल्या काही पद्धतींत हा दोष आहे. असला पुरावा वादात उलटतो.

रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रक्रिया न झालेली मूळ फाइल, कुणालाही देऊ नका. पाठवायची प्रत चारही बाजूंनी थोडी छाटलेली असू द्या. छाटलेला भाग फक्त तुमच्याकडे राहतो. रॉ फाइलचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा असलेला आकडा, त्याच दिवशी स्वतःला ईमेल करा. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्रात हॅश लागतोच. मालकाचं नाव सांगणारी खूण परवानगीशिवाय जाणूनबुजून काढणं हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५-ब खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. म्हणून वॉटरमार्कमध्ये नुसतं चित्र नको, पूर्ण नाव आणि वर्ष लिहा.