खरा बाँड कोणता : कॉनरी की मूर?

३१ ऑक्टोबर २०२० रोजी शॉन कॉनरी गेले आणि २०१७ मध्ये रॉजर मूर यांना निरोप देताना चाहत्यांमध्ये रंगलेला, पडद्यावरच्या जेम्स बाँड या ब्रिटिश हेराची भूमिका या दोघांपैकी कोणी खरी वठवली, हा वाद पुन्हा उफाळून आला.

१९६२ च्या ‘डॉ. नो’मध्ये पत्त्यांच्या टेबलाशी बसलेले कॉनरी ओठांत सिगारेट धरून, लायटर पेटवत स्वतःचे नाव सांगतात, तेव्हा त्यांचा आवाज जराही चढत नाही, तरीही हा माणूस धोकादायक आहे हे त्याच क्षणी कळते. एडिंबरामध्ये एके काळी दूध पोहोचवणाऱ्या, कामगाराच्या घरात वाढलेल्या या नटाचा रांगडेपणा महागड्या सुटाखालीही लपत नाही, आणि ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’मधली रेल्वेच्या अरुंद डब्यातली झटापट आजही अंगावर येते.

मूर यांनी १९७३ ते १९८५ या काळात सात बाँडपट केले. त्यांचा बाँड संकटातही एक भुवई उंचावतो आणि मिश्कीलपणे बोलतो. ‘ऑक्टोपसी’तल्या उदयपूरमुळे मला तो अधिक जवळचा वाटतो, हेही कबूल केले पाहिजे. मूर यांच्या सहवासात संध्याकाळ मजेत जाते; पण जिवावर उदार झालेला हेर मला कॉनरींच्याच नजरेत दिसतो.