ओठांची हालचाल ओळखायची: चेहऱ्यावर इलेक्ट्रोड की समोर कॅमेरा?

खानापूर, निपाणी, हुक्केरीकडून बेळगावात इंजिनिअरिंगला आलेली मुलं शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट ठरवताना हा प्रश्न घेऊन येतात. माझं मत आधीच सांगतो. ओठ कसे हलले एवढंच हवं असेल तर कॅमेरा पुरेसा आहे. जिथे कॅमेरा समोर धरता येत नाही किंवा जे ओठांवर दिसतच नाही, तिथेच स्नायूंच्या संकेतांची, म्हणजे ईएमजीची, मेहनत कारणी लागते.

कॅमेऱ्याचं काम लवकर सुरू होतं. गूगलच्या मीडियापाइप या मोफत सॉफ्टवेअरचं फेस मेश साध्या लॅपटॉपवर चेहऱ्याचे 468 बिंदू देतं, त्यातले ओठांचे तेवढे उचलायचे. 2016 मध्ये ऑक्सफर्डच्या लिपनेट या ओठ वाचणाऱ्या मॉडेलने 95.2 टक्के अचूकता दाखवली होती, पण ती ठराविक साच्यातल्या इंग्रजी वाक्यांवर. आपल्याकडे एकाच वाक्यात मराठी आणि कन्नड येतं, त्यामुळे तो आकडा इथे गृहीत धरू नका. मर्यादा बघायची तर आरशासमोर आवाज न काढता 'पात', 'भात', 'मात' म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा तसेच मिटतात. इलेक्ट्रोडही इथे फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण हा फरक कंठात आणि मऊ टाळूत असतो. तो वाक्याच्या संदर्भावरूनच सोडवावा लागतो. 'काका' आणि 'टाटा' यांतला फरक मात्र जिभेचा आहे. हनुवटीखाली लावलेला इलेक्ट्रोड त्याचा थोडाफार माग काढतो.

ईएमजीचं खरं बळ वेळेत आहे. ओठांभोवतीच्या ऑर्बिक्युलारिस ऑरिस या स्नायूला आदेश मिळाला की विद्युत संकेत आधी येतो आणि ओठ काही दहा मिलिसेकंदांनी हलतात. त्यामुळे ही हालचाल खरोखर आधी सांगता येते, अंधारात आणि मास्कमागेही. उद्यमबागच्या फाउंड्रीतल्या गोंगाटाचाही त्याला त्रास नाही.

त्रास होतो तो विजेचा. संकेत बहुधा एक मिलिव्होल्टच्याही आत असतो आणि आपल्या घरच्या विजेची 50 हर्ट्झची घरघर त्यात सहज मिसळते. रेकॉर्डिंगच्या वेळी चार्जर काढा, संकेत मोजणारा बोर्ड बॅटरीवर चालवा (सुरक्षेसाठीही ते हवंच), संदर्भ इलेक्ट्रोड (बाकीचे ज्याच्या तुलनेत मोजतात तो) कानामागच्या हाडावर लावा. सेकंदाला किमान 1000 नमुने घ्या, कारण उपयोगाचा संकेत साधारण 20 ते 450 हर्ट्झमध्ये असतो. बोर्ड घेताना हाच आकडा आधी विचारा. ओपनबीसीआय कंपनीचा सायटन बोर्ड नावाजलेला आहे, पण वायरलेसवर तो 250 नमुनेच देतो. नमुन्यांच्या निम्म्या हर्ट्झपर्यंतचाच संकेत टिपता येतो, म्हणजे 125 हर्ट्झच्या वरचं सगळं गेलं. शिवाय दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रोड दोन-तीन मिलिमीटर सरकला तरी कालचं मॉडेल चुकायला लागतं. दाढी आणि पावसाळ्यातला घाम यांनी तर चिकटपट्टीच सुटते.

म्हणून माझा आग्रह असा: ईएमजी घ्यायचं असेल तर कॅमेरा सोडू नका. दोन्ही एकाच वेळी चालवा. फेस मेशचे बिंदू हे उत्तर आणि ईएमजी हा प्रश्न, असं धरून मॉडेल शिकवा; हाताने लेबलं लावत बसावं लागत नाही. पुढे कॅमेरा काढून घेता येतो. सुरुवात मोजक्या शब्दांनी करा. ईएमजीवरून मूक बोलणं ओळखणाऱ्या गॅडी आणि क्लाइन या संशोधकांच्या 2020 च्या कामात मर्यादित शब्दांवर चुकांचं प्रमाण 4 टक्क्यांपर्यंत उतरलं, पण खुल्या शब्दसंग्रहावर ते 68 टक्के राहिलं, तेही जवळपास 20 तासांच्या रेकॉर्डिंगनंतर.

हे काम कुणासाठी करताय, यावरही निवड ठरते. निपाणी हा तंबाखूचा पट्टा आहे. घशाच्या कर्करोगात स्वरयंत्र काढलेल्या माणसाचे ओठ आणि गाल शाबूत असतात. आवाज तेवढा जातो. घरात, बाजारात, बसमध्ये कायम कॅमेऱ्यासमोर बसणं त्याला शक्य नाही. त्याच्यासाठी मी ईएमजीच निवडेन. मानेवर शस्त्रक्रिया आणि रेडिएशन झालेलं असतं, म्हणून गळ्यावरचे इलेक्ट्रोड टाळून ओठ, गाल आणि डॉक्टरांनी चालेल म्हटलं तरच हनुवटीखालची जागा घ्या. रुग्णाचं रेकॉर्डिंग करायला एथिक्स कमिटीची परवानगी लागते आणि तिला वेळ लागतो, तेव्हा अर्ज सातव्या सेमिस्टरलाच टाका.