रंगीत किंगस्नेकची पैदास: कॅलिफोर्निया घ्यावा की ग्रे-बँडेड?

रंगांसाठी किंगस्नेक या पाळीव सापाची पैदास करायची ठरली की बहुतेकांचं मन कॅलिफोर्निया आणि ग्रे-बँडेड या दोन जातींत अडकतं. दोन्ही बिनविषारी आणि अंडी घालणारे. जोडी लावण्याआधी दोघांनाही दोन-तीन महिने 10 ते 13 अंश सेल्सिअसच्या थंडाव्यात शीतनिद्रा द्यावी लागते. फरक आहे तो रंग पुढच्या पिढीत कसा उतरतो याचा, आणि माझ्या मते निवड त्यावरच करावी.

कॅलिफोर्नियात बराचसा हिशोब कागदावर मांडता येतो. अल्बिनो, म्हणजे अंगात काळा रंगच नसणं, हा साधा रिसेसिव्ह गुण; आई-बाप दोघांकडूनही त्याचा जीन आला तरच तो दिसतो. दिसायला साधे, पण अल्बिनोचा जीन बाळगणारे नर-मादी एकत्र आले, तर सरासरी चारांत एक पिल्लू अल्बिनो निघतं. उरलेल्या तिघांपैकी सरासरी दोघं तो जीन बाळगतात, पण नुसत्या नजरेला ते ओळखू येत नाहीत. म्हणून कोणतं पिल्लू कोणत्या जोडीचं याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा. लॅव्हेंडर हाही फिकट रंगाचाच प्रकार, पण त्याचा जीन निराळा. त्यामुळे अल्बिनो आणि लॅव्हेंडर यांची जोडी लावली की पहिल्या पिढीत सगळी पिल्लं साधीच निघतात. नवखे इथेच हिरमुसतात. खरी गंमत दुसऱ्या पिढीत असते. पाठीवरच्या लांब रेघेचा मामला मात्र इतका सरळ नाही. आडव्या पट्ट्यांचे आणि रेघेचे साप एकाच मादीच्या अंड्यांतून निघतात हे अमेरिकेतल्या सान डिएगोचे सर्पतज्ज्ञ लॉरेन्स क्लॉबर यांनी दाखवलं होतं, आणि मधली तुटक नक्षीही वरचेवर दिसते.

ग्रे-बँडेड हा पश्चिम टेक्सास आणि उत्तर मेक्सिकोच्या खडकाळ वाळवंटातला. राखाडी अंगावर काळे आणि शेंदरी पट्टे. कुणात शेंदरी नुसता धाग्याएवढा, कुणात रुंद खोगिरासारखा. रुंद पट्ट्यांच्या सापांना 1950 मध्ये वेगळी जात मानून नाव दिलं गेलं होतं; पुढे दोन्ही रूपं एकाच मादीच्या पिल्लांत सापडली. इथे चारांत एक वगैरे हिशोब फारसा चालत नाही. मनासारखा शेंदरी असलेली पिल्लं राखायची, वाढवायची आणि पुन्हा निवडायची. एक पिढी म्हणजे साधारण तीन वर्षं. मला हेच काम जास्त मोलाचं वाटतं, कारण त्यात डोळा तयार होतो.

पण पिल्लांना खाऊ घालणं हा ग्रे-बँडेडचा अवघड भाग. रानात ती सरडे खातात, त्यामुळे पिंकी, म्हणजे उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू, पुढे ठेवलं तरी शेपटीचं टोक थरथरवत तोंड फिरवतात. पिंकीला सरड्याची कात चोळली की जीभ भराभर आत-बाहेर होते आणि मग कधीतरी पकड बसते. काही पिल्लं महिनोन्‌महिने सतावतात. कॅलिफोर्नियाची पिल्लं बहुधा पहिल्या कातीनंतर आपणहून पिंकीवर झडप घालतात. तीच भूक भावंडांवरही जाते, म्हणून प्रत्येकाला वेगळा डबा हवा. जोडी लावण्याआधीही दोघांना पोटभर खाऊ घाला.

नको असलेली पिल्लं बाहेर सोडणं दोन्ही बाबतींत वर्ज्य. स्पेनच्या ग्रान कॅनेरिया बेटावर पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक मोकळे सुटले. त्यांत अल्बिनोही आहेत, आणि जगात फक्त तिथलाच असलेला मोठा सरडा त्यांच्यामुळे अनेक भागांतून जवळजवळ नाहीसा झाला.

पहिलीच पैदास असेल तर कॅलिफोर्निया घ्या. ग्रे-बँडेडच हवा असेल, तर रंगाआधी विकणाऱ्याला एवढं विचारा: या जोडीने लहानपणी पिंकी आपणहून कधी खाल्ली? उत्तर लांबत गेलं, तर तितकी शेंदरी नसलेली पण खादाड जोडी उचला.