टेक्निकल कम्युनिकेशनचं ऑनलाइन एमए, पुण्यात बसून नोकरी करत: माझा अडीच वर्षांचा रिव्ह्यू

डिग्री हातात येऊन चार महिने झाले. ऑफिसमधल्या तिघीचौघींनी लिफ्टमध्ये, कँटीनमध्ये विचारलं की करू का गं हे, आणि प्रत्येकीला अर्धवटच सांगून झालं, म्हणून एकदा सगळं नीट लिहिते. मी कोथरूडला राहते, मगरपट्ट्यात नोकरी, इंजिनिअरिंग इन्स्ट्रुमेंटेशनचं आणि टेक्निकल रायटर म्हणून, म्हणजे मशीन-सॉफ्टवेअर कसं वापरायचं ते लिहिणारी म्हणून, हे नववं वर्ष. युनिव्हर्सिटी अमेरिकेतली, नाव लिहीत नाही कारण पुढे एक तक्रार आहे आणि एका सेमिस्टरवरून सगळ्या डिपार्टमेंटला नावं ठेवायची नाहीयेत.

लिहायची टूल, म्हणजे सॉफ्टवेअर वगैरे, शिकायची असतील तर ही डिग्री घेऊ नका. फ्रेममेकर, फ्लेअर, ऑक्सिजन, गिट, मार्कडाउन हे सगळं मी नोकरीत आणि त्याआधी डेक्कनजवळच्या एका तीन महिन्यांच्या वीकेंड क्लासात शिकले, त्या क्लासनेच पहिली नोकरी मिळवून दिली आणि फ्रेशरला मी आजही तसाच क्लास सुचवेन. डिग्री कामाची ठरते ती चारपाच वर्षं काम झाल्यावर, जेव्हा सगळं येत असतं पण असंच का करायचं ते कोणी विचारलं तर सांगता येत नाही. माझं तसंच झालं होतं. डीटा म्हणजे माहिती छोट्या सुट्या टॉपिकमध्ये तोडून लिहायची पद्धत, मूळ आयबीएमची, २००५ पासून ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड, त्यातले कन्सेप्ट (हे काय आहे), टास्क (कसं करायचं), रेफरन्स (लागेल तेव्हा बघायची माहिती) असे टॉपिक मी रोज पाडत होते, पण मॅनेजरने विचारलं की एकाच पानावर सगळं लिहिलं तर काय बिघडतं, तर माझ्याकडे "असंच करतात" याच्यापलीकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर पहिल्याच सेमिस्टरला मिळालं. जॉन कॅरोल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात आयबीएममध्ये वर्ड प्रोसेसर शिकणाऱ्या माणसांना शेजारी बसून बघितलं होतं, आणि दिसलं असं की लोक मॅन्युअल पहिल्या पानापासून वाचतच नाहीत, सरळ कामाला लागतात, अडले की मग पान शोधतात. म्हणून टास्क वेगळा, सुटा, लगेच सापडणारा हवा. इतकी साधी गोष्ट, पण समजल्यावर माझं रोजचं कामच बदललं.

क्लासच्या वेळेचं सांगायलाच हवं. बरेचसे कोर्स आपापल्या वेळेने करायचे होते पण काही लाइव्ह, संध्याकाळी ६ला त्यांच्या सेंट्रल टाइमने, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटे साडेचार आणि त्यांची घड्याळं बदलली की साडेपाच. पावसाळ्यात पहाटे लाइट जायची, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर क्लास चालायचा, सासूबाई आपणहून उठून चहा ठेवायच्या आणि ७ला मुलाचा डबा. हे घरच्यांच्या मदतीशिवाय होत नाही, अॅडमिशन घेण्याआधी घरात बसून बोलून घ्या.

आता ज्या कोर्ससाठी पैसे वसूल झाले तो युजेबिलिटी टेस्टिंगचा. कुठलीही छापील सूचना घ्या, खऱ्या माणसाला वापरायला द्या, आणि त्याला मोठ्याने विचार करत काम करायला सांगा, आपण मधे बोलायचं नाही. मी शुगर तपासायच्या मशीनच्या खोक्यातलं मराठी माहितीपत्रक घेतलं (सरांनी परवानगी दिली, फक्त बोलणं इंग्रजीत उतरवून द्यायचं होतं). पहिले बसले शेजारचे काका. भोसरीत चाळीस वर्षं मशीनशॉपमध्ये काढलेली, मायक्रोमीटर हातात घेऊन आयुष्य गेलेला माणूस, ड्रॉइंग वाचण्यात कोणाला ऐकायचे नाहीत. जुलै महिना, बाहेर पाऊस. काकांनी पट्ट्यांची डबी उघडली, एक पट्टी काढली, डबी तशीच टेबलावर उघडी. झाकण लगेच लावा, दमट हवेने पट्ट्या खराब होतात, हे वाक्य पत्रकात होतं, पण मागच्या पानावर, साठवणुकीच्या सूचनांमध्ये. पट्टी मशीनमध्ये घातली, मशीन आपोआप सुरू झालं, काका खूश. बोट टोचलं. मग पत्रकात वाचलं, "परीक्षण पट्टीच्या अग्रभागी नमुना लावा." काका थांबले, चष्मा वर केला आणि मला म्हणाले, "अगं, अग्रभाग म्हणजे वरची बाजू ना?" मला उत्तर द्यायची परवानगी नव्हती. मी म्हटलं, "काका, तुम्हाला काय वाटतंय ते बोला आणि करा." त्यांनी थेंब पट्टीच्या वर सोडला. एरर. दुसरी पट्टी, परत वरून, परत एरर. तिसऱ्या वेळी हात थरथरायला लागला आणि म्हणाले, "माझंच काहीतरी चुकतंय बघ."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. चूक त्यांची नव्हती, त्या एका शब्दाची होती. रक्त पट्टीच्या टोकाकडून आत ओढलं जातं, टोक नुसतं थेंबाला टेकवायचं असतं, पण अग्रभाग वाचून कुणाच्या डोळ्यासमोर टोक येईल सांगा! पाच जणांवर टेस्ट केली, तिघांनी तेच केलं. मग मी पायरी पुन्हा लिहिली: "पट्टीचं टोक थेंबाला टेकवा. पट्टी रक्त स्वतः ओढून घेते. पट्टीवर वरून थेंब सोडू नका." आणि झाकणाचं वाक्य उचलून पट्टी काढायच्या पायरीतच आणलं. नवे पाच जण बसवले, कारण आधीच्यांना आता माहीत होतं, आणि यावेळी एकच जण चुकला. पाच माणसांतही बहुतेक मोठ्या अडचणी दिसतात हे युजेबिलिटीतले तज्ज्ञ याकोब नीलसन यांचं म्हणणं मी वाचलेलं होतं, ते अक्षरशः आमच्या हॉलमध्ये बघितलं.

तेव्हापासून ऑफिसातही रिलीजच्या आधी सपोर्ट टीममधल्या दोघांना माझं डॉक्युमेंट देऊन गप्प बसते. सगळ्यात अवघड काम ते गप्प बसणंच आहे.

तक्रार आता. तिसऱ्या सेमिस्टरला एक विषय होता त्यात पाच आठवडे एकाही असाइनमेंटवर शेरा आला नाही, फक्त मार्क, आणि तेही शेवटी. मेल केले, उत्तर आलं की सगळ्यांचंच तसं आहे. डॉलरमध्ये फी भरायची, प्रत्येक सेमिस्टरला बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए२ फॉर्म भरायचा, रुपया घसरला की तेवढ्याच क्रेडिटला जास्त पैसे, आणि त्या बदल्यात नुसता आकडा! लिहायला शिकवणाऱ्या कोर्समध्ये शेरा हेच तर शिक्षण. त्याचा राग अजून गेलेला नाही. अॅडमिशनच्या आधी शिकून गेलेल्या दोघांतिघांना गाठा आणि फक्त एवढंच विचारा की तुमच्या लिखाणावर कोणी ओळीओळीने लिहून देत होतं का.

अजून दोन गोष्टी ज्या मला कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. तीन वर्षांची बीए, बीएससी असेल तर काही युनिव्हर्सिटी एकूण चार वर्षांचं शिक्षण मागतात, ते आधीच लेखी विचारा. आणि पुढे इथे पीएचडी किंवा सरकारी नोकरी डोक्यात असेल तर परदेशी ऑनलाइन डिग्री समकक्ष धरतात की नाही याची चौकशी पैसे भरण्याआधी करा, नंतर नाही. मला खासगीच काम करायचं होतं म्हणून अडलं नाही. पगार मात्र डिग्रीमुळे लगेच वाढला नाही हे स्पष्ट सांगते, कामाचं स्वरूप बदललं, आता फीचर ठरताना मीटिंगला बोलावतात.

एक वाईट याचंही वाटतं की एसटीसी, टेक्निकल रायटरांची १९५३ पासूनची संस्था, २०२५च्या जानेवारीत बंद झाली. तिची मेंबरशिप घेऊन शिकता शिकता ओळखी कराव्यात असं सीनियर सांगायचे, तो रस्ता आता नाही.

पैसे नसतील किंवा अजून ठरत नसेल तर गुगलचे टेक्निकल रायटिंगचे दोन कोर्स फुकट आहेत, ते आधी करा. सोपं इंग्रजी कसं लिहावं यासाठी एएसडी-एसटीई१०० हे नियमांचं पुस्तक बघा, विमानांच्या मेन्टेनन्सच्या सूचनांसाठी बनलेलं, कृतीच्या वाक्यात २० शब्दांपेक्षा जास्त नाही, एका शब्दाचा एकच अर्थ. हे वाचून मजा आली, अजून हवंसं वाटलं, तर डिग्रीचा विचार करा. कंटाळा आला तर पैसे वाचले.

काकांनी माझं नवीन पानच मशीनच्या खोक्यात घडी घालून ठेवलंय. परवा गॅलरीतून ओळखीच्या एका आजोबांना सांगत होते, टोक टेकवायचं, वरून नाही सोडायचं.