'प्रो-स्टाफ'च्या नावाखाली माझे २,२३७ डॉलर १५ सेंट कसे गेले

बास या गोड्या पाण्यातील माशाच्या मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या एका कंपनीने आणि तिची जाहिरात करणाऱ्या एका व्यावसायिक स्पर्धकाने मिळून मला २,२३७ डॉलर १५ सेंटना फसवले. हिशेब असा आहे: 'प्रो-स्टाफ'मध्ये, म्हणजे सवलतीत माल घेऊन कंपनीचे नाव मिरवणाऱ्या स्पर्धकांच्या गटात, नाव नोंदवण्याचे १४९ डॉलर, पहिल्या ल्युअर-संचाचे (ल्युअर म्हणजे कृत्रिम आमिष) ३८६ डॉलर ४० सेंट, कंपनीचे नाव छापलेल्या जर्सीचे ८९ डॉलर, दुसऱ्या मागणीचे ४१२ डॉलर ७५ सेंट, बोटीवर जाहिरातीचे वेष्टन चढवण्याच्या अनामतीचे ६५० डॉलर, आणि कंपनी भरून देईल या शब्दावर विसंबून मी ज्या दोन स्पर्धांत उतरलो त्यांचे प्रवेशशुल्क प्रत्येकी २७५ डॉलर. पैसे बुडाल्याचा राग आहेच, परंतु हे लिहायला मला चार महिने लागले त्याचे कारण निराळे आहे. माझ्या नावाच्या सवलत-कोडवरून आमच्या क्लबातील सात जणांनी तोच माल घेतला, आणि तो घ्या असे त्यांना मीच सांगितले होते.

मी टेक्सासमध्ये राहतो आणि अकरा वर्षे बास धरतो. लेक फोर्क आणि सॅम रेबर्न या दोन्ही जलाशयांवर माझे कितीतरी शनिवार-रविवार गेले आहेत, त्यामुळे मला नवखा समजून कोणी हे वाचणे सोडून देऊ नये. अशा योजना कशा चालतात हे मलाही ठाऊक होते: आधी कौतुकाचा निरोप, मग 'आपली निवड झाली आहे' असे पत्र, मग 'निम्म्या किमतीत' माल आणि शेवटी शांतता. तरीही मी फसलो, कारण खऱ्या कंपन्यांचे प्रो-स्टाफही बऱ्याच अंशी याच पद्धतीने चालतात. तेथेही सुरुवातीला पगार नसतो, सवलत असते, जर्सी असते आणि स्पर्धेत त्यांचे नाव मिरवण्याची अपेक्षा असते. फरक इतकाच की प्रामाणिक कंपनी निवड झालेल्याकडून नोंदणीचे पैसे मागत नाही. ते १४९ डॉलर मागितले गेले तेथेच मी थांबायला हवे होते. ती रक्कम पहिल्या मागणीतून वळती होईल असे पत्रात लिहिले होते आणि मी ते मान्य केले. ती कधीच वळती झाली नाही.

परंतु खरा क्षण तो नव्हता. खरा क्षण त्या स्पर्धकाच्या चित्रफितीत होता आणि तो मी आजवर वीस वेळा तरी थांबवून पाहिला आहे. दाट पाणवनस्पतींच्या कडेला तो उभा आहे, रॉड वाकलेला आहे, आणि सहा-सात पौंडांचा लार्जमाउथ बास तो बोटीजवळ आणतो. त्याचा अंगठा सरळ माशाच्या खालच्या ओठात जातो, क्षणभरही न बिचकता. दृश्य तुटते. पुढच्या दृश्यात त्याच माशाच्या ओठाला कंपनीचा खोल बुडणारा क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचे कडक ल्युअर, लटकलेला आहे आणि तो सांगतो की आज दिवसभर याच ल्युअरवर मासे लागले.

ज्याने क्रँकबेट वापरला आहे त्याने हे दोनदा वाचावे. त्या ल्युअरला दोन ट्रेबल हुक, म्हणजे तीन-तीन टोकांचे गळ, असतात, एकूण सहा टोके, आणि मासा डोके झटकत असताना त्या टोकांच्या शेजारी कोणी डोळे मिटून अंगठा घालत नाही. शिवाय दृश्य तुटण्यापूर्वी दीड-दोन सेकंद माशाचे तोंड कॅमेऱ्यासमोर उघडे आहे आणि वरच्या टाळूत एकच मोठा गळ रुतलेला स्पष्ट दिसतो. सॉफ्ट प्लॅस्टिक वर्म, म्हणजे मऊ प्लॅस्टिकचा किडा, टेक्सास रिगवर (एकाच गळाचे टोक त्या किड्यात लपवून) लावून झटका दिला की गळ बहुधा असाच टाळूत बसतो. क्रँकबेटचे ट्रेबल बहुतेक वेळा ओठाच्या कडेला किंवा जबड्याच्या कोपऱ्यात अडकतात. दोरा पाहिला तर तोही जाड, हिरवा ब्रेड, म्हणजे विणलेला दोरा, होता. बारा फूट खाली जाणाऱ्या क्रँकबेटसाठी बहुतेक जण दहा-बारा पौंड ताण सोसणारा फ्लुओरोकार्बनचा बारीक दोरा लावतात, कारण बारीक दोरा पाणी कापत ल्युअरला खोल जाऊ देतो, तर जाड दोरा त्याला वरच अडवतो. आणि तशा गच्च वनस्पतींत सहा उघडी टोके ओढली तर प्रत्येक फेकीला गवताचा पुंजका हाती येईल.

हे सर्व मी पहिल्याच वेळी पाहिले होते. माझ्या मनात आले की त्याने ट्रेबल काढून एकेरी गळ लावले असतील, कारण तसे करणारे लोक आहेत. मला जे खरे हवे होते त्याला मीच पुरावा शोधून दिला, आणि याची लाज मला पैशांपेक्षा अधिक वाटते. कोणाचीही प्रायोजित चित्रफीत पाहताना मासा पाहू नका, त्याच्या तोंडातला गळ पाहा, आणि दृश्य नेमके कोठे तुटते ते पाहा.

माल आला तो असा: क्रँकबेटच्या अंगावर साच्याची शिवण बोटाला लागत होती, पुढची जीभ (ल्युअरला खोल नेणारी पट्टी) किंचित तिरपी बसवलेली असल्याने ओढताना ल्युअर एका बाजूला पळत होता, आणि गळ अडकवण्याच्या रिंगा इतक्या मऊ होत्या की तिसऱ्या माशाला एक उघडली. न रंगवलेली ल्युअर घाऊक मिळतात आणि कोणीही ती रंगवून आपल्या नावाने विकू शकतो. त्यात गैर काही नाही, मात्र 'आमच्या स्पर्धकांनी वर्षानुवर्षे चाचण्या घेऊन घडवलेला आराखडा' असे त्याला म्हणणे खोटे आहे. 'टंगस्टन' या जड धातूची म्हणून आलेली, दोऱ्याला लावायची वजने तर शिशाची निघाली. टंगस्टनची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १९.३ ग्रॅम आणि शिशाची ११.३, म्हणून त्याच वजनाचा टंगस्टनचा तुकडा बराच लहान दिसायला हवा. माझ्याकडची जुनी वजने शेजारी ठेवली असती तर एका मिनिटात कळले असते. चाकूचे टोक ओढले तेव्हा रंगाखालून मऊ, राखाडी धातू निघाला. टंगस्टनवर चाकूचा ओरखडा उठत नाही; पाकीट उघडताच ही परीक्षा करा.

येथे कोणी म्हणेल की सगळेच व्यावसायिक आपले ल्युअर लपवतात. लपवणे आणि खोटे सांगणे यांत मी फरक करतो. ऑक्टोबर २०११ मध्ये अलाबामातील लेक गंटर्सव्हिलवर पॉल इलायस यांनी चार दिवसांत १०२ पौंड ८ औंस वजनाचे बास आणून स्पर्धा जिंकली ती तारांच्या सांगाड्यावर एकाच वेळी अनेक आमिषे लावणाऱ्या 'अलाबामा रिग'वर. स्पर्धा चालू असताना असे साधन झाकून ठेवणे हा स्पर्धकाचा हक्क आहे. पण ज्या आमिषावर मासा लागलाच नाही त्याचे नाव पैसे घेऊन सांगणे हा कोणाचाही हक्क नाही. फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकेतील ग्राहक-संरक्षण संस्थेची २०२३ मध्ये सुधारलेली मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात की पैसे किंवा फुकट माल मिळत असेल तर तो संबंध ठळकपणे उघड केला पाहिजे, आणि 'मी हे वापरतो' असे भासवणाऱ्याने ते खरोखर वापरलेले असले पाहिजे. हे वाचल्यावर मला उमगले की माझ्या कोडवरून होणाऱ्या विक्रीवर मला लाभ मिळणार होता हे मीही त्या सात जणांना सांगितले नव्हते.

करारात लिहिले होते की स्पर्धांच्या प्रवेशशुल्काचा परतावा ९० दिवसांनी मिळेल. हा आकडा लक्षात ठेवा. क्रेडिट कार्डावरील चुकीच्या आकारणीविरुद्ध लेखी तक्रार विवरणपत्र पाठवल्यापासून ६० दिवसांत करावी लागते, आणि ९० दिवस शांत बसवलेला माणूस ती मुदत घालवून बसतो. पहिल्या तीन रकमा, म्हणजे ६२४ डॉलर ४० सेंट, मी कार्डावर दिल्या होत्या. पुढच्या दोन, म्हणजे १,०६२ डॉलर ७५ सेंट, 'हिशेब लवकर लागेल' या त्यांच्या विनंतीवरून खात्यातून थेट पाठवल्या. कार्ड स्वीकारणारा विक्रेता मध्येच थेट पैसे मागू लागला तर तेथेच व्यवहार बंद करा. नव्वदाव्या दिवशी मी पत्र लिहिले. उत्तर आले नाही, आणि वेष्टन चढवणारा माणूसही कधी आला नाही.

त्यानंतर जे झाले त्याने मला अधिक चीड आणली. कार्ड देणाऱ्या बँकेने कळवले की मुदत संपली आहे, आणि तसेही मागवलेला माल मला मिळालेलाच आहे. ज्या बँकेतून थेट पैसे गेले तिने सांगितले की व्यवहार मी स्वतः मंजूर केला होता, म्हणून ती त्याला फसवणूक मानत नाही. फसवणूक झाल्याशिवाय कोणी मंजुरी कशी देईल, या माझ्या प्रश्नाला दोन वेळा तेच छापील उत्तर आले. एका सरकारी कार्यालयाने तक्रार नोंदवून घेतली आणि त्याच पत्रात लिहिले की वैयक्तिक तक्रारी ते सोडवत नाहीत. दुसऱ्याने पहिल्याकडे जाण्यास सांगितले. पोलिसांच्या खिडकीवरील अधिकाऱ्याने पाच पाने चाळून हा दिवाणी वाद असल्याचे सांगितले. येथील जस्टिस कोर्टात, म्हणजे छोट्या दाव्यांच्या न्यायालयात, २०,००० डॉलरपर्यंतचा दावा लावता येतो हे खरे आहे, परंतु कंपनी दुसऱ्या राज्यात आहे, तिचा पत्ता भाड्याच्या टपालपेटीचा आहे, आणि निकाल लागला तरी वसुली मलाच त्या राज्यात जाऊन करावी लागेल. स्पर्धा भरवणाऱ्या संस्थेने उत्तर दिले की सदस्यांचे प्रायोजकत्व हा तिचा विषय नाही.

याच टेक्सासमध्ये मत्स्यस्पर्धेत फसवणूक करणे हा गुन्हा आहे, आणि बक्षीस १०,००० डॉलर किंवा त्याहून अधिक असेल तर तो तिसऱ्या श्रेणीचा गंभीर गुन्हा ठरतो. सप्टेंबर २०२२ मध्ये क्लीव्हलंडच्या वॉलआय या माशाच्या स्पर्धेत माशांच्या पोटात शिशाचे गोळे सापडले, तेव्हा ओहायोतही ते मासे आणणाऱ्या दोघा स्पर्धकांना तुरुंगवास झाला, आणि तो योग्यच होता. मोठ्या स्पर्धांत विजेत्यांना पॉलिग्राफ, म्हणजे खोटे बोलणे पकडण्याच्या, चाचणीलाही बसवतात. माशाच्या पोटातले शिसे शोधण्यासाठी एवढी यंत्रणा आहे, आणि टंगस्टन म्हणून माझ्या पाकिटात घातलेल्या शिशासाठी मला एकही अधिकारी सापडला नाही.

त्या सात जणांपैकी पाच जणांना मी माझ्या खिशातून एकूण २६३ डॉलर परत केले आहेत. हे पैसे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत. उरलेल्या दोघांनी पावती नसली तरी माझ्याकडे यावे, त्यांच्या मागणीची नोंद माझ्याकडे आहे. तक्रारीसाठी मी चित्रफितीची प्रत, करार आणि चाकूने ओरखडलेली वजने जपून ठेवली आहेत. त्याच कंपनीने आणखी कोणाला ९० दिवसांची मुदत दिली असेल, तर त्याने आजच आपल्या कार्डाचे विवरणपत्र काढून तारीख तपासावी.